ओढ्यापलीकडचा टॉवर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही. भावाजवळ तर नाहीच – त्याचा बंगला त्याच जमिनीवर उभा आहे. तुमची माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

आमची वाडी कुरवंड्याच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर. वरच्या तलावांचं पाणी बोगद्यातून घाटाखाली जातं, तिथे वीज तयार होते, आणि आम्ही मात्र पावसाळाभर अंधारात. वारा सुटला, फांदी पडली, तार तुटली – की दिवसचे दिवस बल्ब लागायचा नाही. म्हणून घाटाखालून सबस्टेशनपर्यंत नवी, दणकट लाईन येणार हे कळलं तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. मला जरा जास्त. ठेकेदाराने मला कामावर घेतलं होतं. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला, गावचा माणूस, रान पायाखालचं. सर्व्हेच्या साहेबांना वाटा दाखवायच्या आणि लोकांची समजूत घालायची.

लोकांची समजूत – ती मी फार छान घातली.

सिद्धार्थ माझा शाळेपासूनचा मित्र. लोणावळ्याला एकाच बाकावर बसायचो. त्याच्या वडिलांना मीही आबाच म्हणायचो. आबा रेल्वेत, खंडाळ्याच्या घाटात गँगमन होते. ऊन-पाऊस काढून, नोकरीच्या जोरावर त्यांनी ओढ्यापलीकडे थोडी जमीन घेतली. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांत पहिली. भाताची दोन-चार खाचरं, एक विहीर, आणि वरच्या अंगाला सिद्धार्थच्या घरासाठी घातलेलं नवं जोतं. ओढ्याच्या अलीकडे आमची जमीन. पिढीजात.

लाईन नेमकी तिथेच वळणार होती. वळणावर टॉवर मोठा लागतो, पाया खोल खणावा लागतो. आणि तारांखाली पुढे कधी घर बांधता येत नाही. भावाच्या डोक्यात तेव्हा आमच्या त्या जमिनीवर पर्यटकांसाठी बंगला काढायचं घोळत होतं – हे मला माहीत होतं. पण टॉवर पलीकडे ढकल असं त्याने मला एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. हे तुम्ही ध्यानात ठेवा.

साहेब परगावचे. ओढ्यात दगडावर उभे राहून त्यांनी विचारलं, टॉवर या बाजूला घ्यायचा की त्या? जमीन कुठली पक्की?

आमच्या बाजूला कातळ आहे. हातभर खणलं की पहार टणकन वाजते. धसते ती पलीकडची माती – लहानपणापासून आम्ही बघत आलो.

मी म्हणालो, "साहेब, आमच्याकडची जमीन धसते. पलीकडे पक्की आहे."

एवढंच. साहेबांनी मान डोलावली, खुंट्या पलीकडे गेल्या. माती तपासायला हवी होती ना? हवी होती. घाई होती, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पलीकडे आमच्या भावकीतल्या कुणाची जमीन असती, तर माझी जीभ रेटली असती का? नसती. तेही सांगूनच टाकतो.

पण तुम्हाला वाटत असेल इथेच संपलं, तर नाही.

खुंट्या बघून आबा आमच्या घरी आले. ओसरीवर बसले नाहीत, अंगणातच उभे राहिले.

"संजू, त्या सायबाला कुणीतरी उलटं सांगितलंय रं. धसती आमची जमीन. तुमच्याकडं तर कातळ हाय. तू जरा सांग त्यास्नी."

"सांगतो आबा."

"तू हायस म्हून काळजी न्हाई बग."

मी सांगितलं नाही. आठवड्याने त्यांच्या घरी गेलो, चहा घेतला आणि म्हणालो – लय भांडलो आबा, पण वरून ठरलंय, ऐकत नाहीत. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू तरी बोललास," म्हणाले.

पाया खणला गेला. टॉवर उभा राहिला. पुढच्या आषाढात, भर दुपारी, टॉवरच्या वरच्या अंगाचा उतार सुटला आणि खाचरांवर येऊन बसला. जोतं गेलं, विहीर बुजली. जीव कुणाचा गेला नाही, खाचरात त्या वेळी कुणी नव्हतं. नंतर ठेकेदाराने टॉवरभोवती दगडी भिंत बांधली. टॉवरभोवती. खाचरांकडे कोण बघतो?

सिद्धार्थ तळेगावला एका कारखान्यात लागला, भाड्याच्या खोलीत राहिला. आबांनाही तिकडे नेलं. मी एकदा भेटायला गेलो तर आबा खिडकीशी बसलेले. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. मला म्हणाले, "औंदा भात कसं हाय रं आपल्याकडं?" मी म्हणालो, चांगलं आहे. त्याच खोलीत ते गेले.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. वंदना झाली. मग सिद्धार्थ बोलायला उभा राहिला. वडिलांच्या नोकरीबद्दल, जमिनीबद्दल बोलला. आणि म्हणाला, "त्या वेळी अख्ख्या गावातून एकच माणूस आमच्या बाजूने भांडला. आबा शेवटपर्यंत त्याचं नाव काढायचे." त्याने माझ्याकडे हात केला. सगळ्यांच्या माना वळल्या.

तेव्हा बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं मी – मग नुसते हात जोडले. पंगतीत बसलो. सिद्धार्थच्या बायकोने आग्रहाने वाढलं, जेवलो.

वाडीत आता पावसाळ्यातही दिवे असतात. भावाचा बंगला शनिवार-रविवार भरलेला असतो. तिथली वायरिंग मीच केली आहे. पलीकडे दगडमातीचा ढीग तसाच आहे, त्यावर रान माजलं आहे.

सिद्धार्थचा अधूनमधून फोन येतो. मी उचलतो. मुलांची चौकशी करतो, तब्येत विचारतो. तो म्हणतो, ये एकदा. मी हो म्हणतो.

सांगत नाही.