उजवीकडची चटई

जपानात, उरायासुत, आमच्या इमारतीमागच्या गल्लीत एक आजोबा राहायचे. त्यांच्याकडे १९६० च्या सुमाराची अमेरिकन गाडी होती, फिकट निळी, गल्लीत मावता मावत नसे इतकी लांबलचक. २०११ च्या मोठ्या भूकंपानंतर महिनाभरात त्यांची बायको आजारपणात गेली. तिसऱ्या वर्षी डोळे अधू झाले, तेव्हा त्यांनी गाडी विकायला काढली. जुन्या गाड्यांचे शौकीन परदेशातूनही विचारतात, म्हणून इंग्रजी जाहिरातीसाठी मला गाठलं.

त्यांची अट एकच. गाडी आहे तशी ठेवील त्यालाच द्यायची. मी लिहिलं, मूळ रंग, मूळ इंजिन, मूळ सीट. अट मला कळली असं मला वाटलं.

योकोहामाचं एक गिऱ्हाईक बघायला येणार होतं तो दिवस नेमका दसऱ्याचा निघाला. आमच्याकडे त्या दिवशी सायकलसुद्धा धुतल्याशिवाय सुटत नाही. आजोबा दवाखान्यात गेले होते आणि फोटोंसाठी दिलेली किल्ली माझ्याकडेच होती. मी बादली, ब्रश घेऊन उतरलो. काचा पुसल्या, बॉनेटवर झेंडूचं फूल ठेवलं. उजवीकडच्या रबरी चटईवर राखाडी चिखल वाळून बसला होता. तो घासघासून काढला आणि स्वतःवरच खूश झालो.

आजोबा आले. फुलाकडे बघून हसले, वाकून आभार मानले. मग उजवं दार उघडलं आणि तसेच उभे राहिले.

त्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं. उजवीकडे बायको बसायची; टोलनाक्यावर हात बाहेर काढून पैसे द्यायचं काम तिचं. भूकंपाच्या दिवशी जमीन फुटून गल्लीत गाळ वर आला, त्यातूनच ती धावत येऊन गाडीत बसली होती. नंतर त्या जागी कुणी बसलंच नाही.

"तिच्या बुटांचे ठसे होते," आजोबा म्हणाले. "पुसायला माझा हात धजेना. म्हणून आहे तशीच द्यायची होती."

बादलीतलं पाणी कुठंय, त्यांनी विचारलं. मी गटाराकडे बोट दाखवलं.

जपानीत जितक्या तऱ्हांनी माफी मागता येते तितक्या तऱ्हांनी मागून झाली. उलट तेच माझी समजूत काढत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

योकोहामाचा माणूस त्या दिवशी सौदा ठरवून गेला; दोन आठवड्यांनी तो गाडी न्यायला आला. खाली वाकून त्याने विचारलं, ही चटई नवी घातलीय का?

आजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले, "जुनीच आहे."

गाडी वळणाआड जाईपर्यंत ते वाकून उभे होते. मीही वाकलो होतो, आणि ते घरात गेल्यावरच मी मान वर केली.