मामाने सगळ्यांना सांगितलं

मामा कापडाला कात्री लावत नसे. गांधीबागेतल्या एका कापडाच्या ठोक दुकानात तो तीस वर्षं नोकरीला होता. काठाला दाताने बारीक चीर पाडायची आणि दोन्ही हातांनी झटक्यात फाडायचं. तुकडा रेघ मारल्यासारखा सरळ निघायचा.

पन्नाशी उलटली आणि त्याच्या उजव्या अंगठ्यातला जोर गेला. मग शर्टाचं बटण लागेना. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्यांनंतर एएलएस सांगितलं, हळूहळू सगळे स्नायू लुळे करत नेणारा आजार. मामाचे वडील, माझे आजोबाही असेच गेले होते. तेव्हा घरात लकवा म्हटलं गेलं. हे ऐकून डॉक्टरांनी मामाचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं. एफयूएस नावाच्या जनुकात दोष निघाला.

अर्धवट कळलेलं मामाला चालत नसे. डॉक्टरांकडून त्याने तीनदा समजावून घेतलं आणि मग मला सांगितलं, "हे जीन एक प्रोटीन बनवते. पेशीच्या केंद्रात राहून आरएनए सांभाळाचं, हे त्याचं काम. आपल्या घरात ते बिघडलं. बाहेर येऊन त्याच्या गुठळ्या होऊन राहिल्या, अन् हातापायाले हुकूम देणाऱ्या पेशी मरून राहिल्या."

"मग आम्हालाही?"

"तुह्या आईले असन, तर तुले अर्धा चान्स. जीन असलं म्हणून रोग होतेच, असं बी नाही."

भीमजयंतीला सगळे त्याच्याकडे जमले होते. जेवणं झाल्यावर मामा काठी टेकत उभा राहिला आणि त्याने हेच सगळ्यांना सांगितलं. मोठी मावशी भडकली. "माह्या पोरीचं लगन जमून राहिलं, अन् तू काहून असं बोलून राहिला?" आई म्हणाली, "दादा, तुह्या दुखण्यात आमाले नको ओढू." मामा एवढंच बोलला, "मले कोणी सांगतलं असतं, तर बरं झालं असतं, सुमे."

त्यानंतर आई त्याच्या घरी गेली नाही. मी दर रविवारी जायची. त्याची वाचा गेल्यावर मामी अक्षरांचा तक्ता धरायची आणि तो नजरेने अक्षरं दाखवायचा. दर वेळी पहिली दोन अक्षरं तीच, आईच्या नावाची: सु, मी. मी म्हणायची, "येते म्हणाली." तो डोळे मिटून घ्यायचा.

दोन वर्षांत तो गेला. आई आली, दाराशी उभी राहिली, रडली नाही. मलाही रडू आलं नाही. मी लोकांना चहा देत होते.

तीन महिन्यांनी मी रक्त दिलं. माझ्यातही तोच दोष निघाला. चार दिवस मी ऑफिसला गेले, आले, जेवले. पाचव्या दिवशी आई पोळ्या करत असताना तिला सांगितलं.

"दादासारखंच?"

"हो."

तव्यावरची पोळी करपायला लागली. "म्हंजे मले बी आहे."

"हो. माझ्यात तुझ्याकडूनच आलं."

तिने गॅस बंद केला. पिठाच्या हातांनीच ती ओट्याला टेकून उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. मग तिने हात धुतले, पदराला पुसले आणि मोठ्या मावशीला फोन लावला.

"ताई, फोन ठेवू नको वं," ती म्हणाली. "दादा खरं बोलत होता."