संध्याकाळी उतरणारा खोलीचा भाव

नानाजी, गुडघा काय म्हणतो? शांताक्का, डोळ्यांत थेंब घालता की बाटली नुसती खिडकीत उभी? वामन, तुझा खोकला गेला का रे? आम्ही दोघं ठीक आहोत... कापसाचा हंगाम आहे, अंगणात दिवसभर पांढरे तंतू तरंगतात, आणि जागेपणीही स्वप्नात असल्यासारखं वाटतं.

मागच्या आठवड्यात एक गंमत झाली. गंमत आता म्हणतो, तेव्हा घाम फुटला होता.

भाजीचा मळा पोरांवर सोपवून मी या महिन्यापासून मूर्तिजापूर स्टेशनजवळच्या आमच्या दोन खोल्या उतारूंना रोजच्या भाड्याने देतो आहे. जन्म भाजी विकण्यात गेला, त्यामुळे भाव ठरवायची रीतही तीच... सकाळी चढा, ऊन उतरलं की निम्मा. दिवेलागणीला रिकामी खोली दिसली की मला उरलेली मेथीची जुडीच दिसायची.

त्या सकाळी चांदूर बाजारच्या एक बाई आल्या. लेक समोरच्याच दवाखान्यात बाळंतपणात अडलेली, त्यामुळे जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी रुपया दिला. दिवसाची पहिली विक्री, भवानी, म्हणून मी तो कपाळाला लावला.

संध्याकाळच्या छोट्या गाडीने कापसाचे एक दलाल उतरले. त्यांना दुसरी खोली आठ आण्यांत दिली... आणि ओसरीवर जेवताना त्यांनी हसत हसत भाव सांगून टाकला.

बाईंचा घास हातातच राहिला. "काहून जी भाऊ, माही खोली ताजी अन् यांची शिळी काय?"

दलाल खो खो हसले. बाई मात्र उठून गाठोडं बांधू लागल्या. "मले नाई राहाचं अशा घरी. धर्मशाळा बरी."

धर्मशाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. रात्री लेकीकडून बोलावणं आलं तर बाई पोचणार कशा? मी घाईघाईने आठ आणे पुढे केले, तर त्यांनी हात मागे घेतला.

"भवानीचा पैसा वापस नेत नाई मी. मीबी बजारात फुलं विकते. तुमच्या धंद्याले लागन तो."

चुलीपुढून आमच्या मंडळींचा आवाज आला, "अवो, भवानीच्या गिऱ्हाइकाले आपण दोन मिरच्या जास्त घालतो. इथं काहून जास्त घेतलं?"

मी आठ आणे परत खिशात टाकले. मग सगळ्यांसमोर सांगितलं, "आजपासून सकाळ-संध्याकाळ आठच आणे. अन् बाई, तुमचा रुपया दोन दिवसांचा."

बाईंनी हळूच गाठोड्याची गाठ सोडली.

पहाटे त्यांना बोलावणं आलं. नात झाली, लेक सुखरूप. जाताना बाई उंबऱ्यावर झेंडूची दोन फुलं ठेवून गेल्या.

आता एखाद्या संध्याकाळी खोली रिकामी राहते. खिडकी उघडी, लांबून छोट्या गाडीची शिटी, आणि कापसाचा एखादा तंतू तरंगत येऊन उशीवर बसतो... भाव उतरवायला मी धावत नाही. खोली मेथीसारखी कोमेजत नाही, वाट पाहते.

मीही पाहतोय, तुमच्या पत्राची. लवकर लिहा... आणि नानाजी, गुडघ्याचं खरं काय ते लिहा.