डब्यातलं चाक

तलवाड्याच्या दूध संस्थेत सटवा वीस वर्षं मशिनी सांभाळतो. डिझेल इंजिन असो की कडबाकुट्टी, त्याची एक सवय ठरलेली. मशीन बंद केलं की लांबूनच कडब्याचं एक धाट चाकावर टाकायचं. धाट उडालं तर चाक अजून फिरतंय, नाही उडालं तर थांबलं. तोवर तो कुणाला जवळ फिरकू देत नाही. लोक हसतात. हसणाऱ्यांचं काय जातं! दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

त्याच्या बायकोच्या, कडूबाईच्या, उजव्या हाताला दोनच बोटं आहेत. अकरा वर्षांपूर्वी चारा छावणीत कुट्टी तुंबली. सटवानं बटण दाबलं आणि म्हणाला, "बंद हाय, काढ." तिनं हात घातला. पातं अजून फिरत होतं. त्यावर कडूबाई आजवर एक अक्षर बोललेली नाही, आणि तेच त्याला लई जड जातं.

यंदाच्या दुष्काळात एका कंपनीनं संस्थेला विजेवरचा टेम्पो चाचणीसाठी दिला. बॅटरीच्या जोडीला त्यात एक जड चाक होतं, हवा काढून घेतलेल्या लोखंडी डब्यात कोंडलेलं. उतारावर ब्रेक दाबला की ते जोर साठवतं, चढावर परत देतं. कंपनीच्या माणसानं बजावलं होतं, किल्ली काढली तरी चाक दोन तास फिरतं. डब्याला मार बसला तर तो फुटू शकतो, म्हणून डब्यावरचा वेगाचा काटा शून्यावर येईस्तोवर लांब राहायचं. सटवाचं डोकंच चालेना. आवाज नाही, थरथर नाही, दिसत तर नाहीच. मग धाट टाकायचं कशावर?

चैत्रातल्या एका सकाळी सटवा दूध घेऊन निघाला असताना गेवराईच्या वाटेवर टेम्पो कोरड्या ओढ्यात घसरला आणि डबा खडकावर आपटून चेपला. सटवानं किल्ली काढून खाली उडी मारली. काटा निम्म्यावर अडकलेला. चाक निम्म्या जोरात होतं, की काटाच मोडला होता?

मागे तीस कॅन दूध होतं, छावणीवर जगवलेल्या जनावरांचं. गावाला तेवढाच आधार उरलेला. चेअरमन बबनराव दहा-बारा माणसं घेऊन आले आणि माणसं कॅन उतरवायला सरसावली. सटवा हात पसरून आडवा उभा राहिला. बबनरावांनी आधी समजावलं, मग झापलं, मग थकून विचारलं, "बे सटवा, चाक फिरतंय का न्हाई, तेवढं तरी सांग."

"ठावं न्हाई," सटवा म्हणाला. "म्हनूनच सोडत न्हाई."

पण आतून तो पार गोंधळला होता. घटकेत वाटे, चाक कधीच थांबलंय, आपण उगाच गावाचं दूध उन्हात नासवतोय. घटकेत वाटे, आत्ता डबा फुटेल. दोन तासांनी कॅन उघडले तेव्हा दूध फाटलं होतं.

दुपारी कंपनीचा माणूस आला. आपटलं तेव्हाच चाक थांबलं असेल, म्हणाला, किंवा नसेलही. मोडक्या काट्यावरून सांगता येत नाही. बबनरावांनी सटवाकडून मशीनघराच्या किल्ल्या मागून घेतल्या.

दिवेलागणीला सटवा ओट्यावर बसून राहिला. कडूबाईनं चहा आणून ठेवला. आपलं चुकलं का, असं त्यानं तिला विचारलं. ती आपल्या हाताकडे बघत राहिली.

"आज थांबलात ते बरं केलंत," ती म्हणाली. "तवा कावून न्हाई थांबलात?"