त्याची जुनी, त्याची नवी

पेडण्याच्या बाजारात मी गाडी उभी केली की मासे घ्यायला आलेली माणसं हातातली पिशवी सावरत तिच्याभोवती एक फेरी मारतात. पिवळी, दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकवून धावणारी गाडी. बघून झालं की कोणी तरी हमखास विचारतं, "ही डिचोलीच्या तुज्या भावाची न्हय?" माझी सकाळ तिथेच नासते.

गाडी होती त्याचीच. कंपनीने नवं मॉडेल काढलं तेव्हा माझ्या चुलत भावाने ते घेतलं आणि जुनी घरातल्या घरात मला दिली. घरातली वस्तू बाहेर कशाला जाऊ द्यायची, असं काका म्हणाले. मला ही सवय लहानपणापासून आहे. हळर्णला आमची कुटुंबं एकत्र होती तेव्हा त्याची सायकल त्याला लहान झाली की माझ्याकडे यायची. तो माझ्याहून चारच महिन्यांनी मोठा, पण उंच. पुढे काका खाणीवर टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, चालवायला म्हणून डिचोलीला गेले, टिपर एकाचे अनेक झाले, आणि सायकलीच्या जागी मोटारसायकल आली. मी पेडण्याच्या एका कचेरीत चिकटलो. त्याच्या वस्तू मात्र माझा पत्ता विसरल्या नाहीत.

मला त्याचा हेवा वाटतो. आडपडदा कशाला ठेवू? त्याच्यात राग यावा असं काहीच नाही. गोड बोलतो, चतुर्थीला न चुकता येतो, वयाने मोठा असूनही माझ्या बायकोला वहिनी वहिनी करतो. म्हणूनच जास्त राग येतो. माणूस वाईट असता तर माझ्या जळफळाटाला जरा तरी अब्रू राहिली असती.

तर त्याने नवी घेतली, तीही पिवळीच. मी कचेरीत डबा खाताना मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. परदेशातल्या ट्रॅकवर जुनं आणि नवं मॉडेल एकामागोमाग पळवतात आणि वेळ मोजतात, असले व्हिडिओ. बहुतेकांत नवं जिंकायचं. ते मी अर्ध्यावर बंद करायचो. पण काही लोक म्हणायचे की जुनी हलकी आहे, तिचा गिअर हाताचा आहे, अरुंद वळणांवर ती माणसाचं ऐकते. नवीला टर्बोचं बळ आहे, पण अंग जड झालंय आणि निम्मा कारभार संगणक बघतो. हे मात्र मला पाठ झालं. चहाच्या हॉटेलात मी ते इतक्यांदा ऐकवलं की माझा पाव बशीतच मऊ पडायचा. "नवी दिसाक बरी. वळणार जुनीच खरी," असं मी सांगायचो.

मनातलं खरं वाक्य वेगळंच होतं. आयुष्यात एकदा, एकदाच, आम्ही दोघं बरोबरीने सुटलो, तर हा माझ्यापुढे नसेल. तो पुढे असतो कारण त्याला सगळं आधी मिळतं. इतकं एक सिद्ध झालं असतं तर त्याच्या उरलेल्या सगळ्या जुन्या वस्तू मी आनंदाने वापरल्या असत्या.

माझी हॉटेलातली बडबड त्याच्या कानावर गेलीच. त्याचा फोन आला. तो चिडला नव्हता, उलट खूश होता. डिचोलीजवळ खनिजाचे ढीग ठेवायचा एक जुना प्लॉट सपाट करून त्यावर डांबर घातलं होतं. गाड्यांचे शौकीन तिथे रबरी शंकू मांडून, वळणावळणांचा रस्ता आखून वेळ मोजत. "ये आयतवारी. दोनय गाडयो बघूया. माका पण जाणून घेवचा आसा," तो म्हणाला.

त्या आठवड्यात मी गाडी अशी घासली की बायको म्हणाली, "माका कधी इतक्या मायेन हात लावलो नाय." टायर काळे केले, काचा पुसल्या, मेण चोळून चोळून पिवळा रंग असा काढला की त्यात माझं तोंड दिसावं. भावाने स्वतःची नवी गाडी आदल्या दिवशी मोरजीच्या किनाऱ्यावर नेली होती आणि तशीच आणली. तिच्यावर खाऱ्या वाऱ्याचा आणि लाल धुळीचा थर होता. धुवायला वेळ मिळाला नाही, म्हणाला. मला वाटलं, बघा, ज्याला मिळतं त्याला किंमत नसते.

प्लॉटवर काका आधीच हजर होते. हातात नारळ, विडा आणि रोजांचा, म्हणजे झेंडूचा, जाड हार. आमच्याकडे जागेच्या राखणदाराला सांगितल्याशिवाय कोणी काही सुरू करत नाही. विहीर खणा, नाटकाचा मंच बांधा, नाहीतर टिपर खाणीत उतरवा, आधी गाऱ्हाणं. मोठ्याने देवाला सगळं सांगायचं, काय मागायचं ते मागायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. शौकीन मंडळींनीही हेल्मेटं काढून काखेत धरली.

काका दोन पिवळ्या गाड्यांकडे आले, एक क्षण थांबले, आणि हार माझ्या गाडीला घातला.

चूक माझ्या लगेच लक्षात आली. चकचकीत ती नवी, मळकी ती जुनी, असा त्यांनी साधा हिशेब केला होता. भाऊ तेव्हा वेळ मोजणाऱ्यांपाशी नाव सांगत होता. मी तोंड उघडलं नाही.

काकांनी माझ्या गाडीच्या नाकासमोर नारळ ठेवला आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"ही नवी गाडी माज्या झिलान हाडली हा. हिका खंयचा विघन येव नको."

"व्हय म्हाराजा."

"हीत बसान माजो झील आज धावतलो. तेका सगळ्यांच्या पुढे काड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. त्यांच्या झिलाचं, म्हणजे भावाचं, यश मागायला मी इतक्या मनापासून कधीच ओरडलो नव्हतो. आशीर्वाद माझ्या बॉनेटवर पडला होता, आता तो कोणाला परत करायचा नव्हता.

पहिल्यांदा तो नवी घेऊन धावला. शंकूंमधून नवी गाडी सरसर गेली. मग मी जुनी घेऊन गेलो. मला वाटलं मी उडत होतो. शेवटच्या वळणावर मागचं अंग किंचित सरकलं तेही मी सावरलं, आणि मनात म्हटलं, आज झालं काम. मोजलेली वेळ सांगितली तेव्हा कळलं की मी त्याच्या चांगले चार सेकंद मागे होतो. इतक्या लहान फेरीत चार सेकंद म्हणजे पुष्कळच.

हेल्मेट काढता काढताच मी बोलायला लागलो. "नवीत संगणक आसा. घसारली तर तीच सावरता. तुका काय करूचा पडता? हातपाय घेवन बसलां की झाला." चहाच्या हॉटेलात वर्षभर जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं मी सांगत होतो, आणि ते मला कळतही होतं.

तो जरा विचारात पडला. "खराच सांगतंस. गाडयो बघूच्यो तर चलवपी बदलूक जाय. आतां तू माजी घे, मी तुजी घेतंय."

आयुष्यात पहिल्यांदा नवी वस्तू माझ्या हातात होती आणि जुनी त्याच्या. ह्याहून बरोबरीचं काय असणार! मी नवी पळवली. तिचं बळ भलतंच होतं. सरळ पट्ट्यावर पाठ सीटला चिकटली. वळणांवर मात्र ती जड जड वाटली, आणि मी दोनदा उगाच ब्रेक दाबला. माझी वेळ सुधारली. दोन सेकंदांनी. त्याच्या मागेच राहिलो.

मग तो माझ्या गाडीत बसला. सीट मागे सारली, हार पुढे हलत होता तो तसाच ठेवला, आणि सुटला. मी कठड्यापाशी उभा राहून माझी गाडी बाहेरून बघितली. ती शंकूंना न शिवता, न ओरडता, एका दमात वळत गेली. माझ्याकडे इतके महिने होती, पण ती असं करू शकते हे तिने मला कधी दाखवलं नव्हतं. त्याची ती वेळ त्या दिवसातली सगळ्यांत कमी होती. त्याच्या नवीतल्या वेळेपेक्षाही कमी.

तो उतरला तो हसतच. "तू सांगतंस ताच खरा. वळणार जुनीच बरी." मी वर्षभर हेच म्हणत होतो. माझं म्हणणं त्याने सिद्ध केलं आणि मला उभं राहायला जागा ठेवली नाही. तिथे मला सरळ रडू यायला लागलं होतं. मी धूळ गेली म्हणून डोळे चोळले.

काकांनी विचारलं, "नवी पयली इली मां?"

"नाय बाबा. जुनी," भाऊ म्हणाला.

"मगे हार खंयच्या गाडयेक घातलंय मी?" त्यांनी वाकून बघितलं, आणि त्यांना हसू आवरेना. "म्हंजे देवान बरोबर आयकला. ह्याच गाडयेत बसलो माजो झील, आणि पुढे गेलो."

सगळे हसले. मीही हसलो. मागणं शब्दाला शब्द पुरं झालं होतं, आणि सगळ्यांत मोठ्याने होकार मी भरला होता.

निघताना भावाने किल्ली माझ्या हातात ठेवली. "गाडी बरी ठेवलंस हां," तो म्हणाला. खरोखर कौतुकाने म्हणाला.

मी गाडीत बसलो तर पाय पुरेना. सीट त्याच्या मापाने मागे गेली होती. पुढे ओढायला हात खाली घातला आणि थांबलो. कोणाला सांगू नका, पण मला वाटलं, कदाचित हेच असेल. तो मागे बसतो, म्हणून त्याला वळण आधी दिसतं. डिचोली ते पेडणे मी तसाच तंगड्या ताणत आलो.

घरी बायकोने विचारलं, "कोण पयलो इलो?"

"आपली गाडी," मी म्हटलं.

ती खूश झाली. हार काढायला गेली, उघड्या दारातून आत बघितलं, आणि म्हणाली, "ही शीट इतकी मागे कोणी केली?"

सीट अजून तशीच आहे. क्लच पुरता दाबायचा तर मला पुढे घसरावं लागतं.