मामांनी लिहिलेला खेळ

मोठ्या गेम कंपनीत ती फक्त गवत करायची. युद्धाच्या गेममधलं गवत: वाऱ्यावर हलणारं, बुटांखाली दबणारं, पेट घेणारं. सगळे तिला 'गवतवाली' म्हणत. चारशे माणसं वर्षानुवर्षं त्या एकाच गेमवर राबली, आणि तो बाजारात येताच तोंडावर आपटला. दुपारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं; संध्याकाळी कुणाच्याच कार्डाने दार उघडेना.

शेजारच्या टेबलावरचे प्रोग्रामर वयाने मोठे, म्हणून सगळ्यांचे 'मामा'. जिन्यात ते तिला म्हणाले, "आता मोठ्यांच्या नादी लागायचं नाही. आपण छोटासा गेम करू. तू चित्रं, मी कोड."

"दोघंच?"

"चारशेजणांनी काय दिवे लावले, पाहिलंस ना!"

तिच्या मागच्या खोलीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली काम सुरू झालं. गेम साधा होता. दफनभूमीची राखण करणारी बाई थडग्यांवरचं गवत काढते, आणि कोण कुठे निजलंय ते हळूहळू उलगडतं. आपलं गवत कुणीतरी जवळून बघणार, या विचाराने ती हरखून जायची.

मामा खोकायचे. तिने डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "हा हातावेगळा होऊ दे, मग खुशाल ॲडमिट करा मला." ॲडमिट केलं तेव्हा उशीर झाला होता. गेम बाहेर पडायच्या आधीच ते गेले.

गेम लोकांना आवडला, अगदी मनापासून आवडला. मग तक्रारी सुरू झाल्या: अर्ध्यावर सगळं गोठतं, पुढे जाताच येत नाही. तिने कोड उघडला. मामांचा सगळा हिशोब डोक्यात. लिहून ठेवलेलं काही नाही. एकीकडे हात लावला की दुसरीकडे कोसळायचं. जुन्या सहकाऱ्यांनीही हात टेकले. शिव्या वाढत गेल्या, तेव्हा तिने गेम विक्रीतून काढून घेतला.

आता ती जुगाराचे गेम बनवणाऱ्या कंपनीत सोन्याची नाणी रंगवते. परवा मामींचा फोन आला.

"यांचा खेळ खेळतात ना गं लोक अजून?"

"खेळतात की, मामी."

"मग मलाही शिकव ना. रविवारी येऊ?"

"या रविवारी नको मामी, काम आहे."

त्यानंतर मामींचा फोन दोनदा वाजला. तिने तो वाजू दिला.