कूर्चेची चकती आणि मावशींचं स्टूल

दिवसभर तुमचा भार पेलणाऱ्या गुडघ्यांची तुम्ही कधी विचारपूस केलीत का?

गुडघ्यातल्या कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या लवचीक थराच्या, पेशींना इन्सुलिनसारख्या वाढघटकाचा निरोप मिळाला, की त्या प्रोटिओग्लायकन भराभर बनवतात. हा पदार्थ पाणी धरून ठेवतो, म्हणून कूर्चा दाब सोसते. काल प्रयोगशाळेत आम्ही बोकडाच्या कूर्चेच्या चकत्या प्रोटिओग्लायकनला चिकटणाऱ्या निळ्या रंगात रंगवल्या. वाढघटक दिलेल्या चकत्या गडद निळ्या झाल्या, बाकीच्या फिक्याच राहिल्या. मी नाचतच काचसामान धुणाऱ्या सुमनमावशींना त्या दाखवल्या.

“झकास! ओत तो वाढघटक माझ्या गुडघ्यात.”

“मावशी, हे अजून बशीतच जमतं.”

“मग तोवर स्टूल तरी दे, शास्त्रज्ञीणबाई! सकाळपासून उभी आहे मी.”

स्टुलं विद्यार्थ्यांची, कामगारांनी उभं राहायचं, हा इथला न लिहिलेला नियम. मी माझं स्टूल बेसिनपाशी ठेवलं. मावशी ऐटीत बसल्या. आमच्या प्रयोगशाळाप्रमुख सरांनी भुवया उंचावल्या.

“कूर्चा वाचवतेय, सर,” मावशीच म्हणाल्या. सरांनाही हसू फुटलं.

निरोप मिळताच पेशी कामाला लागते. आपण कशाची वाट पाहतो? तुमच्या दुकानात, कचेरीत कोण दिवसभर उभं असतं ते बघा आणि उद्या त्यांच्यापाशी एक खुर्ची नेऊन ठेवा.